दोघांचं जुळलं म्हणून खातं बरोबर?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तक्रारअर्जांची वर्गवारी पुढे संगणकाने करावी म्हणून आधी नमुन्याचे अर्ज माणसांकडून वाचून घेतात. परभणीत आमच्या शेजारची दोन मुलं आणि एक मुलगी हे काम घरबसल्या मोबाईलवर करतात. एकच अर्ज तिघांकडे जातो; तो कोणत्या खात्याकडे जावा, हे प्रत्येकाने निवडायचं. दोघांचं जुळलं की खातं पक्कं, तिसऱ्याची ‘चूक’ धरून पैसे कापतात. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले. हा हिशेब मला पटत नाही.

परवा एक अर्ज आला होता : ‘बोअरला पाणी हाय, पण डीपी जळून पंधरा दिवस झाले, हरभरा वाळून चालला.’ मुलांनी ‘पाणीपुरवठा’ निवडला, मुलीने ‘वीज’. तिच्या घरी शेती आहे. डीपीसाठी, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरसाठी, गावात वर्गणी काढावी लागते हे ती लहानपणापासून बघते. पैसे तिचेच कापले.

यावर फिलिप डाविद आणि ॲलन स्कीन या संख्याशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच तोड काढली होती. ४५ रुग्ण शस्त्रक्रियेआधी भूल देण्याजोगे आहेत का, याच्या ५ भूलतज्ज्ञांनी दिलेल्या १ ते ४ श्रेणी त्यांनी तपासल्या. खरं उत्तर हाताशी नव्हतंच. म्हणून आधी मतांवरून अंदाज बांधायचा, त्यावरून कोणता डॉक्टर कुठे चुकतो याचा तक्ता करायचा, तक्त्यावरून अंदाज सुधारायचा, आकडे हलायचे थांबेपर्यंत.

हा तक्ता नुसता हुशार-ढ ठरवत नाही. एखादा पीकविम्याचे अर्ज बिनचूक ओळखतो, पण ‘पाणी’ दिसलं की पुढचं वाचतच नाही, हेही त्यात उतरतं. मग प्रत्येक मताला खात्यानुसार वेगळं वजन मिळतं. अर्थात दोघं एकाच पद्धतीने चुकत राहिले तर हे गणितही फसतं. त्यासाठी शेती जाणणारे वाचक वाढवावेत आणि काही अर्ज वायरमनसारख्या जाणकाराकडून तपासून घ्यावेत.

निदान तिघांच्या मूळ नोंदी पुसू नयेत. गणिताने ‘वीज ६० टक्के, पाणी ४० टक्के’ सांगितलं तर अर्ज दोन्ही टेबलांवर पाठवावा. आणि वेगळं मत दिलं म्हणून पैसे कापणं आजपासून बंद करावं.

– एक निवृत्त प्राध्यापिका, परभणी