मार खाल्ला म्हणून नव्हे

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तू सांगितलेला माहितीपट पाहिला, १९९८ सालचा, जॅकी चॅनने आपली कहाणी आपणच सांगितलेला. "आई, हे बघ, म्हणजे सर एवढे कडक का वागतात ते कळेल. माणूस असाच घडतो," असं तू लिहिलं होतंस. पाहून झाल्यावर त्याच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल हाती लागलं ते वाचूनही काढलं. मला मात्र भलतंच कळलं. तुला पटणार नाही कदाचित, पण वाच.

मी अडकले ती त्या कराराशी. चीनमधून हाँगकाँगला आलेले निर्वासित आईबाप. बाप फ्रेंच राजदूताच्या घरी स्वयंपाकी, आई तिथेच घरकामाला. पोराचं शाळेत लक्ष नाही. बापाला ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या अमेरिकन वकिलातीत स्वयंपाक्याची नोकरी मिळाली आणि सात वर्षांच्या पोराला यू जिम-युएन नावाच्या गुरूच्या पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे गाणं, अभिनय आणि कसरती असलेल्या चिनी संगीतनाट्याच्या, शाळेत ठेवलं. दहा वर्षांचा करार. खाणं, राहणं, शिकवणं गुरूचं. पोरानं मिळवलेला पैसाही गुरूचा. शिक्षा करताना मूल दगावलं तरी गुरूला बोल नाही, असंही त्यात होतं, हे जॅकी स्वतः सांगत आला आहे. त्या कागदावर सही करणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. हातात दुसरं काही नसलं की माणूस पोराच्या दोन वेळच्या जेवणाची सोय आधी बघतो. पण त्या सहीला कुणी दूरदृष्टी म्हणू लागलं, तर ते मी ऐकून घेणार नाही.

पहाटे पाचला उठायचं ते मध्यरात्रीपर्यंत. कोलांट्या, हातांवर उभं राहणं, गाणं, तलवार, भाला, आणि चुकलं की छडी. एवढं करून तो १९७१च्या सुमारास बाहेर पडला, तेव्हा ज्या कलेसाठी हे सगळं झालं तिला प्रेक्षकच उरला नव्हता. लोक सिनेमाकडे वळले होते. दहा वर्षं घोटवून घेतलेलं काम बाजारातून उठलेलं! मग काय, त्या शाळेतली बरीच पोरं सिनेमात स्टंटमन झाली. ब्रूस लीच्या १९७२च्या 'फिस्ट ऑफ फ्युरी'मध्ये शेवटी खलनायक लाथ खाऊन भिंत फोडून बाहेर फेकला जातो ना, तो फेकला गेलेला माणूस जॅकी. चेहरा दिसू द्यायचा नाही, हेच त्याचं काम. पडायचं, उठायचं, पुन्हा पडायचं.

१९७३ च्या जुलैत ब्रूस ली गेला आणि हाँगकाँगचे निर्माते दुसरा ब्रूस ली शोधू लागले. जॅकीला पुरेसं काम मिळेना, तेव्हा तो आईबापांकडे कॅनबेराला गेला आणि बांधकामावर राबला. 'जॅकी' हे नाव तिथलंच. जॅक नावाच्या एका कामगाराच्या हाताखाली असल्यामुळे पडलेलं. १९७६ मध्ये दिग्दर्शक लो वेईने त्याला परत बोलावून घेतलं ते 'न्यू फिस्ट ऑफ फ्युरी'साठी. म्हणजे ज्या ब्रूस लीच्या सिनेमात भिंतीतून फेकला गेला, आता त्याच्याच जागी उभं राहायचं. तसाच राग, तसाच सूड, तसाच करारी चेहरा. सिनेमे पडत गेले. पडणारच. त्याच्या अंगात ते नव्हतंच.

आता माझ्या मुद्द्याचं. शेवटी लो वेईने त्याला दोन सिनेमांपुरतं दुसऱ्या कंपनीला उसनं दिलं. चालत नसलेला नट, देऊन टाकायला काय जातंय! तिथे युएन वू-पिंग हा दिग्दर्शक भेटला आणि १९७८ या एकाच वर्षात 'स्नेक इन द ईगल्स शॅडो' आणि 'ड्रंकन मास्टर' आले. दुसऱ्यात तो वाँग फेई-हुंग झाला आहे. हा कँटनकडचा खरोखरीचा वैद्य आणि कुंगफूचा उस्ताद. १९४९ पासून क्वान तक-हिंग या नटाने त्याला डझनावारी सिनेमांत धीरगंभीर, पूजनीय करून ठेवलेलं. जॅकीने त्यालाच उनाड, आळशी, बापाला चुकवणारा पोरगा केलं. त्याला शिकवणारा दारुडा म्हातारा आहे ना, तो दिग्दर्शकाचे वडील, युएन सिउ-तिएन. म्हातारा त्याला उलटं टांगतो आणि चिमुकल्या पेल्यांनी खालच्या बादलीतलं पाणी वरच्या बादलीत भरायला लावतो. ते पाहताना मी मोठ्याने हसले, आणि मग लक्षात आलं की हे त्या शाळेचंच चित्र आहे. तीच मेहनत, तोच छळ, फक्त आता ते हसू आणणारं झालं होतं. अंगातली लवचीकता शाळेने दिली, हे मान्य. पण ती कशासाठी वापरायची, हे सुचायला छडी लागली नाही. मोकळीक लागली.

तू म्हणशील, छडी नसती तर अंग तरी वळलं असतं का? बाळा, छडी सगळ्यांनीच खाल्ली होती. त्या शाळेतून पुढे गाजलेले नट सॅमो हंग निघाला, युएन बियाओ निघाला, आणखी काही जण निघाले. उरलेल्यांनीही तेवढंच सोसलं आणि त्यांच्यावर कुणी माहितीपट काढला नाही. यशस्वी माणूस मागे वळून माराचे आभार मानतो तेव्हा मला जरा भीती वाटते. ज्यांना नुसताच मार मिळाला, त्यांना विचारायला कुणी जात नाही.

जाता जाता एक गंमत. १९८८ मध्ये याच शाळेवर 'पेंटेड फेसेस' हा सिनेमा निघाला आणि त्यात गुरूची भूमिका केली सॅमो हंगने, लहानपणी त्याच गुरूच्या हाताखाली राबलेल्याने. हा नक्की बघ. आणि त्या सिनेमाच्या लेखनात भाग असलेल्या मेबल चेंगने २००३ मध्ये जॅकीच्या आईबापांवर माहितीपट केला, तोही बघ. आधीच्या लग्नातून चीनमध्ये बापाचे दोन मुलगे होते आणि आईच्या दोन मुली, हे जॅकीला थेट मोठेपणी कळलं. आम्ही आईबाप काय काय पोटात ठेवतो, ते त्यातून कळेल. (माझ्याकडे असलं काही नाही, घाबरू नकोस.)

तर तुझे सर. ते कामात पक्के असतील, शिकून घे. वेळेवर जा, सांगतील ते दहादा कर, त्याला माझी ना नाही. पण परवा सगळ्यांसमोर त्यांनी तुझा जो अपमान केला, त्याला प्रशिक्षण म्हणू नकोस. आणि तू स्वतः बसवलेला तो तीन मिनिटांचा प्रसंग सरांना अजून दाखवलेला नाहीस, असं तुझी ताई म्हणाली. त्यांना दाखव. त्यांना वेळ नसला, तर दुसऱ्या कुणाला दाखव. आणि आधी मला पाठव, फोनवर कसा उघडायचा तेही लिही.

तुझी,
आई