बेटं बुडतील म्हणता, पण तिथल्या बोलीचं काय?

मा. संपादक,
स. न.

समुद्र वाढतोय, पॅसिफिकमधली बेटं पाण्याखाली जाणार, अशा बातम्या आपल्या पेपरात अधूनमधून येतात. येऊ द्यात, पण त्यात पाणी किती चढणार एवढंच असतं, तिथली माणसं काय बोलतात, ती उठून गेली की त्या बोलीचं काय होणार याबद्दल एक ओळ नसते, हे मला फार खटकतं.

कापिंगामारांगीचंच घ्या. विषुववृत्तापासून जेमतेम एक अंश वर, मायक्रोनेशिया या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशातलं प्रवाळबेट, मधे मोठं लगून, म्हणजे प्रवाळाच्या कड्यात अडलेलं समुद्राचं पाणी, आणि कडेने तीसेक बेटुकली, सगळी मिळून जमीन साधारण एक चौरस किलोमीटर! भाषा मात्र पॉलिनेशियन, म्हणजे दूरच्या सामोआतली सामोअन आणि न्यूझीलंडची माओरी यांच्या घरातली. तिथे आपल्या अळूच्या कुळातला एक कंद लावतात, गोडं पाणी लागेपर्यंत खड्डा खणायचा, पालापाचोळा टाकत राहायचं. हे गोडं पाणी म्हणजे वाळूत मुरलेला पाऊस, खाली खारं पाणी आणि वर त्याचा थर, त्यामुळे पाऊस दडी मारून बसला किंवा लाट आत शिरली की कंद गेलाच. म्हणजे बेट बुडायच्या कितीतरी आधी माणसांना निघावं लागतं.

1916 ते 1918 मधे असाच भयानक दुष्काळ पडला, माणसं मेली, आणि तेव्हाच्या जपानी राजवटीत बऱ्याच जणांना सातशेहून जास्त किलोमीटर लांब पोनपेई बेटावर नेलं. पण तिथे त्यांना एकत्र राहायला जागा मिळाली, पोराकिएत नावाची वस्ती झाली, आणि शंभर वर्षं उलटली तरी तिथे कापिंगामारांगी बोलली जाते, आजूबाजूला सगळी पोनपेईची भाषा असूनसुद्धा! माझ्या मते भाषा टिकली ती त्या एका वस्तीमुळे. 1974 मधे हवाई विद्यापीठाने तिचा शब्दकोशही छापला, मायकल लीबर यांच्यासोबत कालिओ डिकेपा हे तिथलेच गृहस्थ त्यावर होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता मायक्रोनेशियाच्या लोकांना अमेरिकेत राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही, त्यामुळे पोरं ग्वाम, हवाई, कुठे कुठे जातात. जावंच, पोटासाठी कोण जात नाही, पण एक घर इथे आणि एक तिथे झालं की पोरं कुणाशी बोलणार त्या भाषेत?

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी छापाल तेव्हा लोकांना कुठे हलवणार आणि एकत्र ठेवणार की विखरून टाकणार, हे जरूर विचारा आणि छापा. पोराकिएतवर रविवारच्या पुरवणीत एक सविस्तर लेख आला तर फारच छान.

आपली,
एक नियमित वाचिका, चिपळूण