आधी गाडीखाली बघायला लावणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

गाडी बघायला आल्याबद्दल तुम्ही माझ्याकडून काहीच घेतलं नाहीत. "फेडायचंच असेल तर जुनी कॅम्पर घ्यायला निघालेल्या पुढच्या माणसाला सांग," एवढंच म्हणालात. (कॅम्पर म्हणजे आत झोपण्या-रांधण्याची सोय असलेली गाडी.) तो पुढचा माणूस कोण, कुठे असेल, मला ठाऊक नाही. म्हणून तुमचे आभार असे सर्वांसमक्ष मानतो आहे, आणि तुम्ही जे दाखवलंत तेही इथेच लिहून ठेवतो आहे.

मला हवी होती फोक्सवॅगनची टाइप २ व्हॅन, समोर सलग काच असलेली, आत वेस्टफालिया कंपनीचं कॅम्परचं सामान बसवलेली. या गाडीचं कूळ मी तुम्हाला उत्साहाने सांगितलं होतं: बेन पॉन या डच व्यापाऱ्याने १९४७ साली काढलेलं ते छोटं रेखाटन, १९५० मध्ये वोल्फ्सबर्गला सुरू झालेलं उत्पादन, १९६७ साली दोन भागांच्या काचेच्या जागी आलेली सलग काच. तुम्ही सगळं मनापासून ऐकून घेतलंत आणि मग विचारलंत, "जॅक लावायच्या जागा बघितल्यास का?"

त्या प्रश्नाने माझी निवडच बदलली.

माझ्यासमोर दोन गाड्या होत्या. पहिलीचा रंग नवा, इंजिन नुकतंच बांधलेलं, त्याची बिलंसुद्धा जपून ठेवलेली. दुसरीचा रंग उडालेला, पडदे विटलेले, इंजिन थकलेलं. माझा कल कुठे होता हे तुम्हाला दिसतच होतं. तुम्ही पहिल्या गाडीच्या दारांखालच्या पट्टीवर, पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवलंत. वरच्या पत्र्याला ते घट्ट चिकटत होतं, खाली आलं की सुटून हातात येत होतं. रंगाखाली पत्रा कमी आणि पुट्टी जास्त होती. मग तुम्ही आडवे होऊन गाडीखाली गेलात, टॉर्च माझ्या हातात दिलात आणि मलाही खाली बोलावलंत. जॅकच्या आधाराभोवती गंजलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा वेल्ड केलेला होता. चाकांच्या वरची कड, समोरच्या काचेच्या रबराखालची पट्टी, छताची पन्हळ, बॅटरीखालचा पत्रा, सगळीकडे तीच गोष्ट.

तिथेच पडल्या पडल्या तुम्ही मला समजावलंत की या गाडीत बॉडी आणि चॅसी वेगवेगळ्या नाहीत. सगळा वेल्ड केलेला एकच सांगाडा, आणि भार पेलण्यात दारांखालच्या त्या पट्ट्यांचाही वाटा. इंजिन मागून खाली उतरवता येतं, टेबलावर ठेवून नवं करता येतं, दुसरं आणून बसवता येतं. गीअरबॉक्सचंही तेच. पण सांगाडा कुजला असेल तर एक भाग कापावा आणि त्याला लागून असलेला पुढचा भागही कुजका निघावा, असं ते काम वाढतच जातं. "खराब इंजिनची चांगली गाडी घे, चांगल्या इंजिनची खराब गाडी घेऊ नकोस." जुन्या कॅम्परबद्दल मी खूप ऐकलं होतं, काका, पण निर्णय घेता येईल असं हे पहिलंच वाक्य होतं.

दुसऱ्या गाडीच्या मालकाला तुम्ही आधीच निरोप दिला होतात की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गेल्यावर आधी इंजिनला हात लावून ते थंड असल्याची खात्री केलीत. गरम इंजिन पटकन सुरू होतं आणि बरंच काही लपवतं, हे आता मलाही कळतं. सुरू करण्याआधी तुम्ही मागची मोठी पुली दोन्ही हातांनी धरून पुढेमागे ढकलून बघितलीत. क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची, ही आडवी हालचाल ०.१५ मिलिमीटरच्या आत असावी लागते. तिथे हाताला ठक्क असं जाणवलं तर इंजिनचा पायाच गेलेला. तसं जाणवलं नाही. मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजलंत. तीन बरे, तिसऱ्या क्रमांकाचा कमी. मला धडकी भरली आणि तुमचा चेहरा मात्र खुलला, कारण ते तुम्हाला अपेक्षितच होतं. १९६९ च्या या इंजिनात तेल गार करणारा ऑइल कूलर पंख्याच्या आवरणाच्या आत, हवेच्या वाटेतच बसवलेला आहे. त्यामुळे तिसऱ्या सिलिंडरला गार हवा कमी मिळते आणि त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आधी जळतो. पुढे कंपनीने कूलर बाजूला नेला. म्हणजे हा या इंजिनाचा ओळखीचा आजार होता, आणि त्यावर इलाजही ठरलेला होता.

खाली मात्र पत्रा मूळचा होता. रंग गेलेला, वरवर गंज धरलेला, पण स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकला की खणखणीत वाजणारा. मी ती गाडी घेतली.

सगळ्यांत मोठे आभार मानायचे आहेत ते त्यानंतरच्या दुपारचे. व्यवहार झाला होता, चॅसी नंबर कागदांशी ताडून झाला होता, किल्ली माझ्या हातात होती आणि मला कधी एकदा गाडी रस्त्यावर नेतो असं झालं होतं. तुम्ही स्टिअरिंगपाशीही जाऊ दिलं नाहीत. इंजिनवरचा पेट्रोलचा पाइप बोटाने वाकवून दाखवलात. बाहेरून विणलेलं कापड धड दिसत होतं आणि आतलं रबर चिरलेलं होतं. आजकालच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला लवकर खातं, पाइप तापलेल्या इंजिनच्या अगदी वर असतो, आणि या इंजिनची केसिंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची. एकदा पेटली की पाण्याने विझत नाही, उलट भडकते. तुम्ही टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे पाइप आणि क्लिपा बदलल्यात, मगच किल्ली फिरवू दिलीत. ज्याला कुणाला अशी गाडी घ्यायची आहे त्याला माझी हात जोडून विनंती आहे: घरी नेतानासुद्धा जुन्या पाइपांवर चालवू नका.

हीटरचंही तुम्हीच दाखवलंत. या गाडीत गरम हवा एक्झॉस्टच्या पाइपांभोवतीच्या डब्यांतून आत येते. ते डबे आणि पाइप गंजून भोकं पडली की धूर, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड, थेट माणसं बसतात तिथे. त्याला वास नसतो. माझ्या गाडीत आता त्याचा अलार्म लावलेला आहे. गॅसच्या कपाटातलं तळाचं भोक कधीच बुजवू नकोस, गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने तिथूनच बाहेर पडतो, हेही लक्षात ठेवलं आहे.

टायरवर नक्षी भरपूर होती, तरी तुम्ही बाजूचे चार आकडे वाचून ते बदलायला लावलेत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, हे मला नवीन होतं. पाण्याची टाकी, भांडी, अंथरुणं आणि माणसं भरल्यावरच्या वजनाला पेलतील असे टायर आता आहेत.

आणि काका, गाडी सुरेख चालते. ४७ अश्वशक्तीत चढ येतो तेव्हा सावकाश जायचं, मागच्यांना वाट द्यायची, आणि मोठी काच असल्यामुळे रस्ता भरभरून बघायचा. ज्यांना वेळेत पोचायचं असतं त्यांच्यासाठी ही गाडी नाही असं माझं ठाम मत झालं आहे. मला ती जशी आहे तशीच हवी होती. मुक्कामाला थांबलो की छत वर उचलतो, कापड कोरडं आहे ना ते तपासतो, आणि निघण्याआधी न चुकता खाली वाकून बघतो, तेलाचा थेंब कुठे आणि किती पडला आहे ते. हे वाकून बघणं तुमचं आहे.

तिसऱ्या सिलिंडरचं हेड आता उतरवायचं ठरवलं आहे. नवे व्हॉल्व्ह आणून ठेवलेत. काम मीच करीन, थंड इंजिनवर ०.१५ मिलिमीटरचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून व्हॉल्व्हची फटही मीच बसवीन; तुम्ही फक्त शेजारी बसा आणि चुकलं तर थांबवा. काम झालं की पहिली फेरी तुम्ही चालवायची. दिवस तुमच्या सोयीचा कळवा.

तुमचा ऋणी,
उडालेल्या रंगाच्या गाडीचा मालक