वन्स मोअर आला रे!

पणजी,
20 डिसेंबर

प्रिय बाळ्या,

झाला एकदाचा शुभारंभाचा प्रयोग. महोत्सवाला येतो म्हणालास आणि आला नाहीस, तेव्हा हे लांबलचक पत्र वाचणं ही तुझी शिक्षा.

गोष्ट तुला ठाऊकच आहे. मुंबईच्या सिनेमा स्टुडिओंत 35 वर्षं व्हायोलिन वाजवून म्हातारपणी गावी परतलेला गोवेकर. पडद्यावर नाव एकदाही नाही. अशी किती माणसं गेली रे इथून! चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे लिहिलेले स्वर वाचून गाणं, आणि व्हायोलिन शिकायची आणि मुंबई गाठायची. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांचं नाव 1977 मध्ये निदान एका गाण्यात तरी आलं, तेही प्यारेलाल त्यांचे शिष्य म्हणून. बाकीच्यांचं काय?

म्हणूनच संगीत रेकॉर्ड केलेलं नको, हा माझा हट्ट. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. चौघंही विंगेत नाहीत, म्हाताऱ्याच्या घरातच बसलेले. तू म्हणाला होतास, पेटी-तबला घे, निम्म्यात भागेल. खर्चाचं तुझं बरोबर होतं.

तालमीत पहिलं भांडण काळोखावरून. मला प्रवेश संपताना मिट्ट अंधार हवा, आणि ही मंडळी कागद बघून वाजवणार! शेवटी स्टँडला बोटाएवढे दिवे लावले आणि उजेड प्रेक्षकांत सांडू नये म्हणून त्यांना काळी चिकटपट्टी. मग हवा. बाहेर मांडवीची दमट, आत एसीची कोरडी. खुंट्या सरकायच्या आणि लावलेला सूर दहा मिनिटांत खाली यायचा.

पण खरी गंमत सुरुवातीची. या चौकडीला हात हलवणारा कंडक्टर नसतो. पहिली व्हायोलिनवाली नाकानं श्वास घेते, खांदा किंचित उचलते, की चारही गज एकदम तारेवर. आपले नटवर्य संगीत नाटकात मुरलेले. "मी सुरू केलं की पेटी माझ्यामागून येते, इथं मी हिच्यामागून जायचं?" तीन दिवस फुगून बसले. चौथ्या दिवशी कुणी न सांगता खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि तिच्या श्वासाबरोबर वाक्य उचललं. त्यानंतर मी त्या प्रवेशाला हात लावला नाही.

आता प्रयोग. दुसऱ्या अंकात चौघं वॉल्ट्झ वाजवतात आणि म्हातारा थरथरत्या हातानं नुसता गज हवेत फिरवतो. पुढे सहा सेकंद शांतता, मी मोजून ठेवलेली. तिसऱ्या सेकंदाला तिसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज: "वन्स मोअर!"

बाळ्या, मी विंगेत गोठलो. चौघांनी पुढची पानं उलटलेली, प्रकाशवाल्यानं रात्र करून टाकलेली. चालू नाटकात वन्स मोअर आल्यावर काय करायचं, हे त्या बिचाऱ्यांना कुठं शिकवलेलं? चेलोवाला टकामका माझ्याकडे बघतोय. तेवढ्यात नटवर्यांनी गज उंचावला आणि म्हणाले, "साहेबांना रिटेक हवाय. घ्या परत."

नाट्यगृह हसलं. माझ्या शांततेचा पार चुथडा झाला. कागदांची सळसळ झाली, पुन्हा तो श्वास, पुन्हा तो वॉल्ट्झ, या खेपेला भर रात्रीत. पहिल्यांदा वाजला तो जास्त स्वच्छ होता. दुसरा जरा थकलेला, पण त्या म्हाताऱ्याचाच वाटला. रात्री सगळ्यांवर चिडलो, नाटक आहे की मैफल म्हणून; सकाळी उठून 'रिटेक'चं वाक्य संहितेत लिहून टाकलं.

जानेवारीत फोंड्याला प्रयोग आहे, तेव्हा तरी ये. व्हायोलावालीनं वॉल्ट्झच्या पहिल्या पानाला लाल क्लिप लावून ठेवलीय. कशाला, विचारलं तर म्हणते, "कुणी मागितलंच तर."

तुझाच,
दोस्त

ता. क. तुझे पैसे मार्चपर्यंत थांबतील ना?