नकाशा अंगणात उतरवा

संपादक महोदय,

गोदावरीचा उगम विचारला, तर पाचवी-सहावीतली मुले ‘त्र्यंबकेश्वर’ हे उत्तर बिनचूक देतात. पण तिथून अरबी समुद्र जेमतेम 80 किलोमीटरवर असताना ही नदी 1465 किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला का मिळते, असे विचारले की वर्ग गप्प होतो. भिंतीवरच्या नकाशात उतार दिसतच नाही. तो दाखवणारा महाराष्ट्राचा मातीचा नकाशा मुलांनी हाताने घडवायला हवा. त्यासाठी अंगणाचा कोपरा आणि सहा-सात घमेली माती पुरते.

आधी उत्तर दिशा नक्की करावी. मीटरभर काठी उभी रोवून बारा ते एकच्या दरम्यान दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा. सर्वांत आखूड सावली उत्तर दाखवते. मात्र हे दिवाळीनंतर करावे. जूनमध्ये दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला सरकतो, सावली दक्षिणेला पडते आणि नकाशा उलटा होतो.

एक सेंटिमीटरला चार किलोमीटर धरले, तर राज्य पूर्व-पश्चिम दोन मीटरचे होते. उंचीलाही तेच प्रमाण लावले, तर 1646 मीटरचे कळसूबाई फक्त चार मिलिमीटर भरते. म्हणून उंची वीसपट घ्यावी आणि तसे मुलांना स्पष्ट सांगावे. कळसूबाई आठ सेंटिमीटर, नाशिक तीन, नांदेड पावणेदोन. नुसती काळी माती वाळताना भेगाळते. तीन घमेल्यांत एक घमेले वाळू मिसळावी.

मुले हमखास सह्याद्री कौलारू छपरासारखा, दोन्हीकडे सारखा उतरता करतात. लगेच दुरुस्त करू नये. त्र्यंबकला झारीने हळूहळू पाणी सोडू द्यावे (तांब्याने ओतले तर माती वाहून जाते). पाणी नाशिकपाशीच साचते. मग पश्चिमेला तुटलेला कडा, खाली बारा सेंटिमीटर रुंद कोकणपट्टी आणि पूर्वेला नांदेडपर्यंत लांब, मंद उतार हवा, हे त्यांचे त्यांनाच उमगते.

माणसे यानंतर आणावीत. कोकणात भाताचे दाणे, घाटापलीकडच्या माणदेशात बाजरी. कडा पाऊस अडवतो म्हणून. सुतळीने मेंढपाळ धनगरांची वाट दाखवावी: पावसाळा कोरड्या माळावर, भातकापणीनंतर कोकणात. तिथे मेंढ्या रात्री शेतात बसवतात, शेताला खत मिळते, धनगराला धान्य. पाऊस सुरू होण्याआधी कळप परत वर चढतो, कारण सततच्या ओलीत मेंढ्यांचे खूर सडतात.

– भूगोलाची एक शिक्षिका, जि. सातारा