खेळातलं राज्य रचताना पन्हाळा पण बघा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात आता कॉलेजची पोरं डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखे रोलप्लेइंग गेम खेळायला लागलीत. टेबलाभोवती चारपाच जण बसतात, एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि वीस बाजूंच्या फाशावर पुढचं ठरतं. 1974 साली अमेरिकेत निघालेला हा खेळ माझा भाचा आणि त्याचा ग्रुप आमच्याच घरी खेळतो, मी पण बसतो, आणि मला तो मनापासून आवडतो. फक्त त्यांचं जग दरवेळी तेच असतं, बर्फ, कॅसल, चिलखतातले सरदार आणि सुरुवात दारूच्या गुत्त्यात. म्हणून हे पत्र.

पोरांनो, 1660 चा पन्हाळ्याचा वेढा घ्या की. आदिलशहाचा सरदार सिद्दी जौहर मार्चपासून खाली तळ देऊन बसलेला, राजापूरचे इंग्रज व्यापारी स्वतःचं निशाण लावून गडावर तोफा डागायला आलेले, आणि मग जुलैच्या भर पावसात रात्री महाराज विशाळगडाकडे निघाले, मागं शिवा काशीद, वाटेत बाजीप्रभू. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटून इंग्रजांना धडा शिकवला. म्हणजे पैशासाठी तोफा घेऊन येणारे परके व्यापारी, त्यांचा नंतर होणारा हिशोब, चिखलातली वाट, सगळं तयारच आहे. आणि गड महिनोन्‌महिने लढतो कशावर? अंबरखान्यातल्या धान्यावर आणि अंधारबावीतल्या पाण्यावर. खेळात वेढा आला की हे विचारा, धान्य किती उरलंय आणि पाण्यावर पहारा कुणाचा.

नुसती नावं आणि फेटे उचलून काही होत नाही, व्यवहार कसा चालायचा ते उचला. गावात सुतार, लोहार, कुंभार यांना रोज पैसे मिळायचे नाहीत, हंगामाला धान्यातनं बलुतं मिळायचं, मग अशा गावात तुमचा हिरो सोन्याचं नाणं देऊन तलवार घेणार तरी कुणाकडनं? मुक्कामाला गुत्ता कशाला, देऊळ, धर्मशाळा, चावडी आहे. शेजारच्या मुलखातनं उत्पन्नाचा चौथा हिस्सा घेऊन तिथं लूट न करणारं राज्य दाखवा, म्हणजे खेळणाऱ्याला कुणाची बाजू घ्यायची याचा खरा विचार करावा लागेल. एकाच घराण्याच्या दोन गाद्या, सातारा आणि कोल्हापूर, आणि 1731 च्या तहानं मधे हद्द म्हणून ठरलेली वारणा, यावर तर वर्षभर खेळता येईल.

दोन गोष्टी मात्र कळकळीनं सांगतो. महाराज, अंबाबाई, जोतिबा यांना गेममधलं पात्र करू नका, लोकांची जिवंत श्रद्धा आहे, आणि नावं बदलून जग रचलं तर त्याची गरजही पडत नाही. दुसरं, शत्रू म्हणून कुणाची जमात राक्षस करू नका. सिद्दी हे मूळचे आफ्रिकेतले लोक, जंजिरा त्यांनी किती पिढ्या राखला. जौहर तर कसलेला सेनापती, आणि महाराज निसटल्यावर आदिलशहानं त्याच्यावरच संशय घेतला, इतका गुंतागुंतीचा माणूस राक्षस करून वाया घालवायचा का?

टाऊन हॉल म्युझियममध्ये पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती आहे, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली. समुद्र घाटाखाली, आणि त्याचा देव इथं, रोमन व्यापाराच्या काळात पोचलेला! कुठल्या बंदरात उतरला, कुणी घाट चढवून आणला, का आणला, एवढ्यावरच एक अख्खी मोहीम उभी राहते, पण किती पोरांना ती मूर्ती माहीत आहे?

तर विनंती अशी की आपल्या रविवारच्या पुरवणीत किल्ल्यांवर लिहिताना लढायांबरोबर धान्य, पाणी, पगार, वाटा, बाजार हे पण येऊ द्या, नकाशासकट. पोरं वाचतील, त्यांना ते खेळायला लागतं.

आपला नियमित वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर