मंत्रीसाहेब, पोराचे 12 महिने कुठून आणू?

माननीय केंद्रीय बंदरे, नौवहन आणि जलमार्ग मंत्री यांना,

नमस्कार साहेब. मी नेरूळजवळच्या करावे गावात राहते. सासऱ्यांची खाडीत होडी होती, जमिनी सिडकोत गेल्या, मासळीही कमी झाली तशी होडी विकली. गावाला लागूनच टी. एस. चाणक्य हे जहाजावरचे अधिकारी घडवणारं सरकारी कॉलेज आहे, तिथली पांढऱ्या युनिफॉर्ममधली पोरं बघत बघतच माझा मुलगा मोठा झाला आणि सातवीपासून त्याचं एकच, आई मी जहाजावर कॅप्टन होणार. आम्ही कधी नाही म्हटलं नाही. बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी काढली, आयएमयूची, म्हणजे इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी दिली, चाणक्यला नंबर लागला नाही म्हणून एका खासगी कॉलेजात बीएस्सी नॉटिकल सायन्सला घातला. थोडं लोन काढलं, थोडे माझे दागिने गेले, तेव्हा कुठे फी भरली. अ‍ॅडमिशन घेताना सांगितलं होतं, प्लेसमेंटचं टेन्शन घेऊ नका.

लोकांना वाटतं डिग्री झाली की पोरगा ऑफिसर झाला. तसं नसतं हो. 3 वर्षं शिकून झाल्यावर डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी म्हणून 12 महिने खऱ्या जहाजावर काढावे लागतात, 1 वर्षाचा डीएनएस, म्हणजे नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा करणाऱ्यांना तर 18, मग सेकंड मेटची परीक्षा, ती पास झाला की थर्ड ऑफिसर, पुढे चीफ मेट आणि मग कुठे मास्टर म्हणजे कॅप्टन. हे 12 महिनेच मिळाले नाहीत तर पुढचं सगळं अडतं. माझा मुलगा 16 महिने घरी आहे. सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक आहे, इंडॉस हा खलाशांच्या सरकारी नोंदणीचा नंबर आहे, फायर फायटिंग, फर्स्ट एड, समुद्रात जीव वाचवायचा पीएसटी सगळे कोर्स झालेत, मेडिकल झालंय, आणि तो सध्या वाशीच्या एपीएमसीत एका गाळ्यावर हिशोब लिहितो. त्याच्या बॅचची बरीच पोरं अशीच घरी बसलीत.

त्याच्याकडे ट्रेनिंग रेकॉर्ड बुक आहे, टीआरबी म्हणतात. जाड वही, त्यात एकेक काम छापलेलं, मूरिंग, स्टिअरिंग, लाइफबोट उतरवणं, ब्रिजवरचा वॉच म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथला पहारा, आणि प्रत्येकासमोर जहाजावरच्या ऑफिसरच्या सहीची जागा. एका रात्री पाणी प्यायला उठले तर हा खिडकीच्या ग्रिलला दोरी बांधून बोलाइनची गाठ मारत बसलेला, मांडीवर ती वही उघडी. म्हणाला, हात विसरायला नको. सहीचा एकही रकाना भरलेला नाही साहेब, मी पान न् पान उलटून बघितलं.

आणि मग एजंट. सीबीडी बेलापूरच्या एका ऑफिसात आम्हाला सांगितलं, साडेतीन लाख कॅश द्या, पावती मिळणार नाही, पंधरा दिवसांत जॉइनिंग. जहाजाचं नाव विचारलं तर म्हणे ते नंतर कळेल. कामावर लावायचे पैसे खलाशाकडून घ्यायचे नाहीत हे एमएलसी 2006 या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात स्पष्ट आहे आणि भारताने ते 2015 मध्ये मान्य केलंय, हे मला मुलानेच सांगितलं. मग तक्रार का नाही केली, तर आमच्यासारख्यांना भीती असते की नाव पुढे आलं की पोराला कुठलीच कंपनी घेणार नाही. काहीजण घर गहाण टाकून पैसे देतात, त्यांना मी दोष देऊ शकत नाही.

सरकार सांगतं, जगातले साधारण 12 टक्के खलाशी आपले आहेत आणि 2030 पर्यंत ते 20 टक्के करायचेत. वाढवणला 76 हजार कोटींचं बंदर होतंय. चांगलंच आहे, पण नुसत्या सीटा वाढवून खलाशी वाढत नाहीत, शिकाऊ पोराला जहाजावर बंक, म्हणजे जागा मिळायला हवी. टनेज टॅक्सची, म्हणजे नफ्याऐवजी जहाजाच्या आकारमानावर कर भरायची सवलत घेणाऱ्या कंपन्यांना ठरावीक संख्येने ट्रेनी घ्यावे लागतात, ही अट 2004 पासून आहे, ती कोणी किती पाळली ते आम्हाला दिसू द्या. प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक बॅचची किती पोरं किती महिन्यांत जहाजावर चढली हा आकडा डीजी शिपिंगच्या, म्हणजे तुमच्या नौवहन महासंचालनालयाच्या साइटवर टाका, अ‍ॅडमिशनच्या आधी, म्हणजे माझ्यासारखी आई काउंटरवरच्या माणसाच्या शब्दावर दागिने मोडणार नाही. आणि ज्या कॉलेजची पोरं वर्षानुवर्षं घरी बसतात त्यांच्या सीटा कमी करा, हे कडक वाटेल पण करा. एजंटची तक्रार नाव गुप्त ठेवून घ्या आणि त्यावर काय झालं ते कळवा.

कांजूरमार्गला डीजी शिपिंगच्या ऑफिसात तुमचं येणं होणार असेल तर मला दहा मिनिटं द्या. मुलाला सुट्टी नाही मिळाली तरी मी एकटी येईन, टीआरबी घेऊन.

आपली,
करावे गावातली एक आई